रानातला मुक्काम : लुआंग्वा ते बंदीभाग

देगलूर तालुक्यात जंगल म्हणावे असे काही नाही. लेंडी नदीच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, सोयाबीन, तूर, कापूस, मधूनच एखादा उघडा माळ. खरे जंगल इथून उत्तरेला, गोदावरी ओलांडून किनवट-माहूरकडे गेल्यावर लागते. तरीही रानात रात्र काढणे इथल्या माणसाला नवे नाही. तूर-हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे घुसतात, म्हणून शेतकरी आखाड्यावर जागलीला जातो, माळ्यावर बसून डबा वाजवतो, बॅटरीचा झोत शिवारभर फिरवतो. त्यात हौस नसते, पीक वाचवायचे असते. अशा मुलखात आफ्रिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढे पैसे घालून रानातच झोपायचे, तर त्यात आहे काय?

प्रश्न रास्त आहे. नांदेड-लातूरकडची कुटुंबेही आता पुण्या-मुंबईच्या पर्यटन कंपन्यांबरोबर केनियाला जाऊ लागली आहेत. त्यांतल्या बहुतेकांची सहल मसाई माराच्या मोठ्या लॉजमध्ये होते. व्हॅनमधून सिंह दिसतात, जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान गेले तर विल्डेबीस्टचे कळप दिसतात, संध्याकाळी पोळी-भाजीही मिळते. ही सहल वाईट नाही. पण दूरच्या जंगलातला छोटा कॅम्प, ज्याला तिकडे बुश कॅम्प म्हणतात, ती गोष्ट अगदी वेगळी आहे. रानात कसे राहावे, किती जणांनी राहावे आणि त्या राहण्याचा पैसा कुणाच्या घरात जावा, या तिन्ही प्रश्नांवर तिकडे सत्तर-पंचाहत्तर वर्षे विचार झाला आहे, चुका झाल्या आहेत आणि काही चुका दुरुस्तही झाल्या आहेत. आपल्याकडे नागझिऱ्यापासून पैनगंगेपर्यंत हेच प्रश्न उभे आहेत. म्हणून आधी तिकडचे पाहू.

बुश कॅम्पची मूळ जागा म्हणून झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्याकडे बोट दाखवतात. साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान ९,०५० चौरस किलोमीटरचे आहे, नांदेड जिल्ह्याहून थोडेसेच लहान. नॉर्मन कार नावाच्या वन्यजीव अधिकाऱ्याने १९५० मध्ये तिथल्या न्सेफू या प्रमुखाला राजी करून त्याच्या जमातीच्या जमिनीचा एक भाग प्राण्यांसाठी राखून घेतला, तिथे पाहुण्यांसाठी साध्या झोपड्या उभारल्या आणि उत्पन्न जमातीला दिले. त्या काळात आफ्रिकेत जाणारा पाहुणा बहुधा बंदूक घेऊन शिकारीलाच जात असे. त्याला बंदुकीशिवाय, पायी जंगल दाखवायचे, ही कल्पना याच खोऱ्यात रुजली. आज जगभर जिला चालती सफर म्हणतात तिचा उगम इथला.

लुआंग्वाचे कॅम्प हंगामी असण्याचे कारण देगलूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. खोऱ्यातली बरीच जमीन काळी चिकणमाती आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस सुरू झाला की नदी पात्र सोडते आणि रस्त्यांवर गाडीचे चाक रुतून बसते. पावसाळा संपून वाट सुकली की साधारण मे-जूनमध्ये माणसे आत जातात, खांब रोवतात, गवताच्या भिंती विणतात, चार ते सहा झोपड्यांचा कॅम्प उभा करतात. नोव्हेंबर आला की तो उतरवतात. राहिलेले गवत-लाकूड वाळवी आणि पूर संपवतात. पुढच्या वर्षी नदीने काठ बदलला असेल तर कॅम्पची जागाही बदलते. सिमेंट नाही, कुंपण नाही.

कुंपण नसण्याचा अर्थ तिथे गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळतो. अंधार पडला की जेवणाच्या जागेपासून आपल्या झोपडीपर्यंत एकट्याने जायचे नाही. पहारेकरी बॅटरी घेऊन सोबत येतो. रात्री काही लागले तर बाहेर यायचे नाही, आतूनच शिटी किंवा भोंगा वाजवायचा. झोपडीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण माकडे, तरस आणि हत्ती वासावर येतात. झिम्बाब्वेच्या माना पूल्समध्ये तर संत्री-लिंबे आत न्यायलाच बंदी आहे, कारण त्या वासाने हत्ती गाड्या आणि तंबू उचकटायला शिकले. आंघोळीला कॅनव्हासची बादली झाडाच्या फांदीला दोरीने टांगलेली असते. चुलीवर तापवलेले पाणी तिच्यात ओततात, आपण खालची तोटी फिरवायची. एका बादलीत आंघोळ उरकते. डोक्यावर छप्पर नसते, त्यामुळे अंगावर पाणी घेताना झाडावरची वानरे आपल्याकडे बघत असतात. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला एका बादलीचे काही वाटणार नाही. पण पैसा मोजून आलेला पाहुणाही तेवढ्याच पाण्यात भागवतो, हे मला मोलाचे वाटते.

सकाळी उजाडताना चालणे सुरू होते. सगळ्यांत पुढे उद्यान विभागाचा बंदूकधारी स्काउट, त्याच्यामागे मार्गदर्शक, मग पाहुणे एकामागे एक, आणि एक जण चहाचे सामान घेऊन. बोलायचे नाही, मागे पडायचे नाही, काही झाले तरी पळायचे नाही. मार्गदर्शक मधूनमधून मूठभर धूळ सोडून वारा बघतो. वारा आपल्याकडून प्राण्याकडे वाहत असेल तर वाट बदलायची. धास्ती सिंहाची कमी, पाणघोड्याची, एकट्या रेड्याची आणि पिल्लाबरोबरच्या हत्तिणीची जास्त. अशा चालण्यात जितके प्राणी दिसतात त्याहून कितीतरी जास्त गाडीतून दिसतात, हे आधीच सांगायला हवे. चालताना दिसतात त्या बाकीच्या गोष्टी : ताज्या शेणातला ओलावा, चिखलात उमटलेला पंजा आणि त्यावरून पळालेला किडा, मुंगीखाऊने रात्री उकरलेले वारूळ. मार्गदर्शकाची परीक्षा कठीण असते आणि त्याची विद्या अशा ठिकाणी उघड होते. दोन-तीन दिवसांत पाहुणा ‘सिंह कुठे आहे’ हे विचारायचे विसरतो.

हे झाले उत्तम कॅम्पचे. त्याचे भाडे माणशी एका रात्रीला काही शे डॉलर असते. बोट्स्वानातल्या ओकावांगो खोऱ्यात हंगामात ते हजाराच्या पुढे जाते. थोडे पाहुणे, भारी दर, हे बोट्स्वानाचे उघड धोरण आहे. त्याने जंगलावरचा ताण कमी राहतो, पण जंगल पाहणे श्रीमंतांपुरते उरते. हा मार्ग आपल्याला चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रातल्या जंगलावर देगलूरच्या शाळेतल्या पोरांचा हक्क आहे आणि तो डॉलरच्या दराने वापरता यायचा नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला दक्षिण आफ्रिकेचे क्रूगर उद्यान आहे. ते १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढच्या वर्षी सामान्य प्रवाशांसाठी उघडले, तेव्हा वर्षभरात तीन मोटारी आल्या. आज तिथे सरकारी कॅम्पांची मोठी साखळी आहे. स्कुकुझासारखा मुख्य कॅम्प छोट्या गावाएवढा : दुकान, पेट्रोल पंप, शेकडो खाटा. पण त्याच उद्यानात बतेलूर, शिमुविनी, तलामती असे छोटे बुशवेल्ड कॅम्पही आहेत. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही, मुक्कामी माणसाशिवाय कुणाला प्रवेश नाही. शिधा घेऊन जायचा, स्वतः रांधायचे. कॅम्पला कुंपण असते, संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी आत यावे लागते. आपली गाडी आपणच चालवायची असल्याने खर्च आवाक्यात राहतो. सरकारनेच चालवलेली, मध्यमवर्गाला परवडणारी आणि तरीही शांत अशी ही व्यवस्था आहे. आपल्या वनखात्याने आफ्रिकेत कुठे काही पाहायला जायचेच असेल तर आधी इथे जावे.

क्रूगरच्या उत्तर टोकाची एक गोष्ट मात्र कॅम्पांहून मोठी आहे. १९६९ मध्ये तिथल्या माकुलेके लोकांना वर्णभेदी राजवटीने बंदुकीच्या धाकाने उठवले आणि त्यांची जमीन उद्यानाला जोडली. राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. ते पुन्हा तिथे राहायला गेले नाहीत. जमीन वन्यजीवांसाठीच ठेवायची, उद्यानाच्या बरोबरीने तिचा कारभार पाहायचा आणि लॉज चालवणाऱ्याकडून भाडे व नोकऱ्या घ्यायच्या, असे त्यांनी ठरवले. जंगलातून उठवलेल्या माणसाची मालकी मान्य झाली, तर तो जंगलाचा वैरी होत नाही, याचा हा पुरावा आहे.

केनियात मसाई माराच्या कडेने झालेला प्रयोगही याच जातीचा आहे. राखीव क्षेत्राला लागून मसाई पशुपालकांच्या सामाईक जमिनी होत्या. त्यांची खातेफोड झाल्यावर प्रत्येकाला आपापला तुकडा मिळाला. तो विकायचा, कुंपण घालायचे की नांगरायचे, असा प्रश्न होता. साधारण २००५ नंतर बऱ्याच खातेदारांनी जमिनी एकत्र ठेवून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिल्या. पाहुणा येवो न येवो, खातेदाराला दरमहा भाडे. त्या बदल्यात कॅम्पवाल्यावर बंधने : एका तंबूमागे शेकडो एकर जमीन मोकळी, एका प्राण्याभोवती मोजक्याच गाड्या, आणि ठरलेल्या काळात गुरांना चराई. राखीव क्षेत्रात नदीच्या उताराशी गाड्यांचा गराडा पडतो, पण शेजारच्या या सामूहिक क्षेत्रांत शांतता असते. २०२० मध्ये महासाथीने पाहुणे थांबले तेव्हा बऱ्याच ठिकाणी भाडे कापावे लागले, म्हणजे पर्यटनावर विसंबलेले हे घर एका पायावर उभे आहे हेही दिसले. तरीही ज्याची जमीन त्याला नक्की रक्कम, हे तत्त्व आपल्याकडे अजून कुठल्याही वाघाच्या जंगलाभोवती नीट आलेले नाही.

आता आपल्याकडे वळू.

मराठी वाचकाला जंगलातल्या मुक्कामाची ओढ कुणी लावली हे सांगायला नको. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या विश्रामगृहात जाऊन राहिले आणि त्या राहण्याचे पुस्तक झाले. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असे रानातच वाढले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर काही महिन्यांतच सोलापुरात त्यांचे निधन झाले. किरण पुरंदरे यांनी तर नागझिऱ्यात चारशे दिवस मुक्काम केला. या तिघांच्या लिखाणात एक गोष्ट समान आहे : ते गाडीतून जंगल बघत नाहीत. ते एका जागी राहतात, पाणवठ्याशी बसतात, पायी हिंडतात, कंदिलाच्या उजेडात टिपणे काढतात. नागझिऱ्याच्या आतल्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षे वीज नव्हती आणि ती हवी असे तिथे जाणाऱ्या कुणाला वाटतही नव्हते. गोंदिया-भंडाऱ्याच्या त्या १५२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात आपला बुश कॅम्प होता. फक्त आपण त्याला ते नाव दिले नव्हते.

मग चित्र पालटले. वाघांचे पर्यटन वाढले, तसा जंगलाच्या गाभ्यावर ताण आला. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू केले. त्या तत्त्वांप्रमाणे गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनाला, गाभ्यात नवे बांधकाम नाही, आणि आत असलेल्या कायमच्या पर्यटक सोयी हळूहळू हटवायच्या. निर्णय योग्यच होता. मात्र आतला मुक्काम आक्रसला, त्याची जागा कशाने भरली ते पाहिले पाहिजे. ती फाटकाबाहेरच्या रिसॉर्टांनी भरली. ताडोब्याच्या मोहर्ली आणि कोलारा फाटकांच्या वाटेवर भिंती, तरणतलाव, रोषणाई आली. पाहुणा रात्री वातानुकूलित खोलीत झोपतो, पहाटे जिप्सीत बसतो, ठरलेल्या फेरीत वाघ शोधतो आणि नाश्त्याला परत येतो. जंगलाशी त्याची भेट तीन-चार तासांची, तीही सहा पर्यटकांच्या गाडीतून. वाघ दिसला तर सहल वसूल, नाही तर पैसे बुडाले.

या घाईचे टोक ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. गोठणगाव फाटकाजवळ वाघीण आणि तिचे बछडे दोन्ही बाजूंच्या जिप्सींमध्ये कोंडले गेले. चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण वाघ दाखवला तरच बक्षिसी, अशी ज्याची कमाई बांधली आहे त्या पोराने गाडी मागे घ्यायची कशासाठी, हा प्रश्न कारवाईने सुटत नाही.

तरीही सगळे गेले असे नाही. मेळघाटात सेमाडोह आणि सिपना नदीकाठचे कोलकास इथे वनखात्याच्या निवासांत राहता येते. १९७४ पासूनचा हा आपला सर्वांत जुना व्याघ्र प्रकल्प आहे. मेळघाटात वाघ सहजी दिसत नाही, म्हणून तिथे गर्दी कमी, आणि म्हणूनच मुक्कामाला मी त्याला ताडोब्याच्या आधी ठेवतो. कोरकू गावांमधून जाणारे रस्ते, दऱ्या, रानगव्यांचे कळप आणि संध्याकाळनंतरची खरीखुरी शांतता तिथे आहे. नागपूरजवळच्या पेंचने २०२४ मध्ये वेगळे काही केले : भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून त्याला मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड करून लावले, म्हणजे आकाश काळे राहील. रानातल्या रात्रीचे मोल सरकारी कागदावर नोंदले गेल्याचे आपल्याकडचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

आणि मग बुद्धपौर्णिमेचे मचाण. सामान्य मराठी माणसाला परवडणारा, बुश कॅम्पच्या सर्वांत जवळ जाणारा अनुभव हाच. वैशाखात पाणवठे आटलेले असतात आणि चांदणे लख्ख असते, म्हणून पूर्वी वनखाते या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजत असे. आता गणनेसाठी कॅमेरा ट्रॅप आहेत. एकच सांबर दोनदा पाण्यावर आले तर मचाणावरचा माणूस ते दोनदा लिहितो, त्यामुळे त्या आकड्यांना शास्त्रात फारसे वजन नाही. वनखात्याने मग तोच कार्यक्रम ‘निसर्गानुभव’ म्हणून नागरिकांना खुला केला. नाव नोंदवायचे, शुल्क भरायचे, दुपारी ठरल्या फाटकावर हजर व्हायचे. गाडी पाणवठ्याशी सोडते, शिडीने वर चढायचे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी येईपर्यंत खाली उतरायचे नाही. डबा आणि पाणी आपले. अत्तर नको, भडक कपडे नकोत, बॅटरी लावायची नाही. सोबत वनकर्मचारी किंवा गावातला मार्गदर्शक असतो.

सूर्य बुडेपर्यंत मोर, रानडुकरे, चितळे येऊन जातात आणि आपण उत्साहात असतो. खरी रात्र त्यानंतर सुरू होते. बांबूच्या फळ्या पाठीला टोचतात, पायाला मुंग्या येतात, खोकला दाबावा लागतो. रातवा एका लयीत ओरडत राहतो. पाण्याच्या कडेला काही तरी काळे हलते, सोबतचा माणूस दंडाला हात लावतो : अस्वल. ते पाणी पिताना फुरफुरते, मान हलवते, वर आपल्याकडे न बघता निघून जाते. मग दोन तास काहीच नाही. पहाटेच्या सुमारास लांब कुठे सांबर ओरडते, सोबती त्या दिशेला नुसती मान वळवतो आणि पुन्हा तसाच बसून राहतो. वाघ आला नाही तरी तो कुठून गेला असेल हे त्याला कळलेले असते. त्याच्या शेजारी रात्रभर बसायला मिळणे, हेच मला या कार्यक्रमाचे खरे देणे वाटते.

आता पायी चालण्याचे. लुआंग्वातले चालणे इथे जसेच्या तसे आणता येणार नाही, आणि ते आणा असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. तिथे कोरड्या हंगामात रान विरळ असते, दुरून दिसते. आपल्याकडे बांबू आणि साग दाट, आणि वाघ दडून हल्ला करणारा प्राणी. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात वाघाच्या खुणा नोंदवत चाललेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने झडप घातली आणि त्यांचा जीव गेला. पायी जंगल रोज कोण तुडवते, याची त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला आठवण झाली. त्याहून मोठा धोका वाघाच्या शेजारी राहणाऱ्या गावकऱ्याला आहे. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच हल्ल्यात गेल्या. त्यांच्यासाठी जंगलात पायी जाणे हा रोजगार होता.

तरी पायी चालणे देशात कुठेच नाही असे नाही. मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात मार्गदर्शकाबरोबर चालता येते. केरळातल्या पेरियारमध्ये तर पूर्वी चोरून झाडांच्या साली काढणारी आणि शिकार करणारी माणसेच गेली पंचवीसहून अधिक वर्षे पाहुण्यांना जंगलात घेऊन जातात, तंबू ठोकतात, स्वयंपाक करतात, रात्री पहारा देतात. पाहुणे चार-पाच, सोबतीला जवळपास तितकेच वाटाडे आणि एक बंदूकधारी वनरक्षक. जंगलाची वाट ज्याला सर्वांत नीट ठाऊक, त्याच्यावरचे गुन्हे बाजूला ठेवून त्याला पगार दिला, आणि जंगलाला राखणदार मिळाला. महाराष्ट्राने शिकावे असे पेरियारइतके दुसरे ठिकाण मला दिसत नाही.

आपल्याकडे उठलेल्या गावांचे काय झाले, हेही विचारायला हवे. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड, ताडोब्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे गेल्या पंचवीस वर्षांत बाहेर आली. त्यांच्या मोकळ्या झालेल्या शेतात आज गवत आहे, चितळे आहेत आणि त्यांना पाहायला जिप्सी जातात. गावकऱ्यांना मोबदला मिळाला. काही तरुण मार्गदर्शक झाले, चालक झाले. पण माकुलेकेंसारखा त्या जमिनीच्या कारभारात वाटा आणि उत्पन्नात हक्क, हे आपण दिलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काची वाट उघडली आहे. त्या हक्काच्या जंगलात ग्रामसभेने पाहुण्यांचा छोटा मुक्काम चालवायला कुणाची ना असू नये.

मराठवाड्याच्या बाजूने बघता यासाठी एक जागा समोर उभी आहे. किनवटजवळ पैनगंगा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची हद्द आखत वाहते, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून कोसळते आणि तिच्या काठाने पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. साग, मोह, पळस, तेंदू. खरबी, बिटरगाव ही त्यातली नावे. उमरखेड तालुक्यातल्या या पट्ट्याला लोक बंदीभाग म्हणतात, आणि त्या नावातली तक्रार खरी आहे : रस्ता मागितला तर अभयारण्याचा नियम, टॉवर मागितला तर अभयारण्याचा नियम. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी तिथली वस्ती. अभयारण्याचे ओझे त्यांनी वाहिले, त्याचा लाभ अजून त्यांच्या दारात आलेला नाही.

हे जंगल वाघाच्या वाटेवर आहे, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले. टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ जूनमध्ये निघाला, किनवटच्या जंगलातून, आदिलाबादच्या शेतांतून, पैनगंगेच्या काठाने, हिंगोली-वाशीममार्गे डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली होती. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिवच्या येडशी-रामलिंग घाटात जाऊन राहिला. म्हणजे वाघ आता मराठवाड्यात आलाच आहे. त्याच्या वाटेवरच्या गावाला तो परवडेल असे काही करणे, हे काम उरले आहे.

मला दिसते ते असे. पैनगंगा अभयारण्याच्या आत एकही नवी वीट नको. काठावरच्या गावशिवारात, ग्रामसभेच्या जागेवर, चार-पाच तंबूंचे तळ असावेत. दसऱ्यानंतर उभारायचे, जूनच्या आत उतरवायचे. वीज नको, ध्वनिक्षेपक नको, बादलीभर पाण्यात आंघोळ. सोबतीला कोलाम आणि गोंड वाटाडे, त्यांना महिन्याचा ठरलेला पगार, वाघ दिसण्याशी त्याचा संबंध नाही. चालणे वनरक्षकासह आणि वाघाचा वावर नसलेल्या ठरावीक वाटांवर. ज्याच्या शिवारात तळ, त्याला पाहुणा न आला तरी भाडे, मारासारखे. दर असा की नांदेडचा शिक्षक आणि देगलूरचा दुकानदार कुटुंबासह दोन रात्री राहू शकेल. हे सगळे करण्याआधी मात्र त्या गावांची दोन कामे मिटवावी लागतील : वाघ-बिबट्याने मारलेल्या गुरांची भरपाई वेळेवर, आणि चराईच्या वाटा लेखी ठरलेल्या. ज्याचा बैल मेला आणि पंचनाम्याला कुणी आले नाही, त्याला पाहुण्यासाठी चूल पेटवा असे सांगायला तोंड राहत नाही.

ज्यांना आधी आफ्रिकाच गाठायची आहे त्यांनी थोडे नीट ठरवावे. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पांचा गाभा बंद असतो, तेव्हाच झांबिया, झिम्बाब्वे, बोट्स्वानात कोरडा हंगाम असतो. पाने गळलेली, प्राणी पाण्यावर गोळा झालेले. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, नाही तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारावे. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नयेत, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते. जंगलातल्या छोट्या विमानांत माणशी साधारण पंधरा किलोच सामान चालते, तेही मऊ पिशवीत. प्लास्टिकच्या पिशव्या केनिया आणि टांझानियात घेऊन जाऊच नयेत, तिथे बंदी आहे. शाकाहार आधी कळवला तर छोटे कॅम्प चांगली सोय करतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला, सहा ठिकाणी एकेक रात्र करण्यापेक्षा एकाच खोऱ्यात चार रात्री काढाव्यात.

आणि ज्यांना तेवढे परवडत नाही, त्यांनी वैशाखाआधी वनखात्याची मचाणाची नोंदणी कधी सुरू होते याकडे लक्ष ठेवावे. ताडोब्यातली मचाणे पटकन भरतात. पैनगंगा आणि टिपेश्वर आपल्याला जवळ आहेत. देगलूरहून नांदेड गाठावे, तिथून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेने किनवटला उतरावे, सहस्रकुंड वाटेतच लागते. तेलंगणात जायचे असेल तर निजामाबाद-निर्मलवरून कवल व्याघ्र प्रकल्पाच्या जन्नारमला मुक्कामाची सोय आहे. बंदीभागात गेलात तर जेवण, वाटाड्या आणि गाडी गावातूनच घ्या, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता त्याच्याच हातात द्या.